कमरेला तेच, स्पर्धेत तेच

एखाद्या बाईने पिस्तूल घ्यायचं ठरवलं की गावातल्या प्रत्येक पुरुषाला वाटू लागतं, आपण गेली चाळीस वर्षं याच क्षणाची वाट पाहत होतो. हे मला आधी माहीत असतं तर मी गुपचूप शेजारच्या काउंटीत जाऊन खरेदी केली असती. पण मी पडले सरळ स्वभावाची. जानेवारीतल्या एका मंगळवारी, बुटांवरचा बर्फ झटकून, मी ऑर्व्हिलच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "पिस्तूल बघायचंय."

ऑर्व्हिल आमच्या गावात बंदुका, गळाचे दोर आणि जिवंत गांडुळं विकतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"रूडी कुठंय?"

"गाडीत बसलाय. त्याला गांडुळांचा वास सोसत नाही."

"मग त्यालाच आत बोलाव ना. त्याच्या हाताचं माप घेतलेलं बरं."

"ऑर्व्हिल, पिस्तूल मला हवंय."

"अस्सं!" असं म्हणून तो खाली वाकला आणि काचेच्या कपाटाच्या अगदी तळातून एक रिव्हॉल्वर काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. मूठ गुलाबी. नुसती गुलाबी नव्हे, लहान मुलींच्या वाढदिवसाच्या केकवर असते तशी. "हे बायकांना फार आवडतं."

"कुठल्या बायकांना?"

ऑर्व्हिलचा एक गुण मी मान्य करते, तो खोटं बोलत नाही. त्याने थोडा विचार केला. "तसं बघितलं तर अजून एकही खपलं नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली."

आता माझी मागणी काही जगावेगळी नव्हती. गेल्या शरदात गावच्या नेमबाजी क्लबाने खास बायकांसाठी ठेवलेल्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं आणि पाच गोळ्या जॅमच्या बरणीच्या झाकणाखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत मारल्या. तिथला शिकवणारा म्हणाला, "पहिल्यांदा होतं असं. नशीब असतं." नशीब! एकतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के सरळ रेषेत मारलेली बाई आहे मी. त्यात नशिबाचा संबंध काय? त्याच दिवशी मी ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी क्लबात जी स्पर्धा होते, तिच्यात उतरायचं. शिवाय कमरेला बाळगण्यासाठीही मला पिस्तूल हवं होतं. त्याचं कारण होतं, पण ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. रूडीलाही नाही.

तेव्हा एकच पिस्तूल, दोन कामं. वाचून वाचून मी एवढं पक्कं केलं होतं की ते बिनघोड्याचं हवं. म्हणजे मागे बाहेर दिसणारा घोडा नाही, जे काही ताणायचं-सोडायचं ते पोटात. वर कपड्यात अडकायला काही नाही, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप सारखाच. असली पिस्तुलं बाजारात पोत्याने आहेत, पण आमच्या गावात दोनच चालतात, हॅल्स्टेड आणि क्रेव्हन. ऑर्व्हिलने नाइलाजाने दोन्ही काचेवर ठेवली. हॅल्स्टेड लांब, भारदस्त, चाप लोण्यासारखा. क्रेव्हन आखूड, चपटं, चाप जरा हट्टी. मी हॅल्स्टेड उचललं आणि वरचा सरकता भाग मागे ओढायला गेले. तो सरकला नाही. पुन्हा ओढला. दात-ओठ खाऊन ओढला. ऑर्व्हिल शालीनपणे गांडुळांकडे बघत राहिला, आणि तेच मला जास्त लागलं.

"ओढायचं नसतं, ढकलायचं असतं!" मागून आवाज आला.

डुएन टेर्वो. आमच्या उजव्या हाताचा शेजारी. चोवीस वर्षं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवलेला माणूस. त्यामुळे आपण म्हणू तिकडे रस्ता होतो अशी त्याची समजूत. "वरचा भाग घट्ट धर आणि खालचा हात पुढे ढकल. हां! बघ, उघडलं. लोर्ना, हॅल्स्टेडच घे. स्पर्धेत दुसरं काही चालत नाही. मी अकरा वर्षं तेच वापरतोय."

"आणि अकरा वर्षं खालून तिसरा येतोय," गळांच्या मांडणीमागून आणखी एक आवाज आला. हा नॉर्म. डुएनचा मेहुणा, आमच्या डाव्या हाताचा शेजारी, आणि क्लबातल्या स्पर्धेचा पंच. देवाने या दोघांच्या मध्ये नेमकं आमचं घर का ठेवलं हे मी पाद्रीबुवांना एकदा विचारलंही होतं. "लोर्ना, ते धूड कमरेला बांधून तू बसणार कशी? क्रेव्हन घे. छोटं, मजबूत. अंगाला लागतसुद्धा नाही."

"तुझ्या अंगाला काय लागणार? तुझ्या पोटाखाली ट्रॅक्टर लपेल!"

मी दुकानातून काही न घेता बाहेर आले. रूडीने विचारलं, "झालं?"

"सुरू झालं," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी दोघांनी आपापली पिस्तुलं माझ्याकडे आणून दिली, वापरून बघ म्हणून. रिकामी, कुलपाच्या डब्यात, सोबत सूचना. डुएनने सूचना तोंडी दिल्या, पंचावन्न मिनिटं. नॉर्मने लिहून दिल्या, चार पानं. मग डुएनने ती चार पानं वाचायला मागितली आणि त्यांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या. मग नॉर्मने ती लाल शाई पाहिली. या दोन घरांमध्ये एकच सौना, म्हणजे लाकडांवर तापवायची वाफेची खोली आहे, डुएनच्या अंगणात. बावीस वर्षं दर शनिवारी दोघं मेहुणे त्यात एकत्र बसून घाम गाळत आणि सगळ्या काउंटीची निंदा करत. त्या शनिवारी डुएन पाच वाजता गेला आणि नॉर्म सहा वाजता. सौना दोनदा तापवावी लागली. नॉर्मची बायको, म्हणजे डुएनची बहीण, कुंपणावरून मला म्हणाली, "लोर्ना, तू लवकर काहीतरी घे बाई. लाकडं संपत आली."

आता मला सांगा, यात माझा काय दोष?

तिकडे परवान्याचं वेगळंच. अंगावर पिस्तूल बाळगायचं तर आठ तासांचा वर्ग करावा लागतो, तो मी केला. लेखी परीक्षेत पहिली आले. दुसरा आलेला मुलगा अजूनही वाचनालयाचं पुस्तक परत न करता बसलाय. मग शेरीफच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे. तिथल्या खिडकीवर ट्रिशा बसते. मोठी गोड पोरगी. तिने माझी बोटं एकेक करून यंत्राच्या काचेवर दाबली, पुसली, पुन्हा दाबली आणि पडद्याकडे बघत बसली.

"मिसेस हाइक्किनेन, तुम्ही काही लावलंय का बोटांना?"

"नाही."

"कारण इथे काही दिसतच नाहीये."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे..." तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर सांगतात तसं, "तुम्हाला ठसे नाहीत."

एकतीस वर्षं कोरडा कागद हाताळून आणि त्याहून जास्त वर्षं भांडी घासून माझी बोटं गुळगुळीत झाली होती. ट्रिशाने तरी होते-नव्हते ते राज्याच्या राजधानीत पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: वाचता येत नाहीत, पुन्हा पाठवा. मी आयुष्यभर लोकांना वाचायला दिलं आणि माझीच बोटं कुणाला वाचता येईनात!

घरी ही बातमी सांगितली तेव्हा रूडी वर्तमानपत्रामागून म्हणाला, "बँक लुटायला तुझ्यासारखी बाई नाही. परवाना आल्यावर विचार करू."

डुएन म्हणाला, बोटांना मेंढीची चरबी लाव. नॉर्म म्हणाला, चरबी अजिबात लावू नको, विटांचं काम कर. बोटांवर विटा घासल्याने ठसे उगवतात की जातात हे त्याला नक्की आठवत नव्हतं, पण दोहोंपैकी एक होतं याची त्याला खात्री होती. शेवटी ट्रिशाचं ऐकलं: तीन आठवडे पाण्यात हात घालायचा नाही, मलम लावून सुती हातमोजे घालायचे. म्हणजे भांडी रूडीने घासायची. पहिल्या आठवड्यात त्याने दोन कप आणि माझ्या आईचं साखरेचं भांडं फोडलं. दुसऱ्या आठवड्यात तो कागदाच्या बश्या घेऊन आला. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा खिडकीवर गेले तेव्हा ट्रिशाने माझी बोटं काचेवर ठेवली आणि आनंदाने ओरडली, "अंगठा आला!"

मागच्या रांगेतल्या दोन शिपायांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या स्वीकारल्या नाहीत. पुन्हा कागद राजधानीला गेले.

तोवर मी स्वस्थ बसले नव्हते. बाळगायची सवय करावी म्हणून मी निळ्या प्लास्टिकचं एक नकली पिस्तूल मागवलं. लांबी-रुंदी थेट हॅल्स्टेडची, आत काही नाही, लहान मूलही घाबरणार नाही. ते कमरपट्ट्याच्या आतल्या म्यानात खोचून मी घरात वावरू लागले. उभी असताना ठीक. बसले की टोक मांडीत रुतायचं आणि मूठ बरगडीत. बुटांची नाडी बांधायला वाकले तर श्वास बंद. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. पण डुएन म्हणाला होता, आठवडाभरात अंगवळणी पडतं, आणि मी काही हार मानणारी नव्हे. म्हणून ते कमरेला तसंच ठेवून मी चर्चच्या तळघरात गेले.

दर फेब्रुवारीत आम्ही चर्चसाठी चारशे पेस्ट्या करून विकतो. गोड पेस्ट्री नव्हे. मटण, बटाटा आणि रुटाबागा, म्हणजे सलगमासारखा कंद, भरलेली आमची करंजी म्हणा, पण एकीत एक माणूस जेवेल अशी. लांब टेबलाशी आम्ही चौदा बायका उभ्या. माझ्याकडे रुटाबागा किसण्याचं काम, कारण हातमोजे घालून दुसरं काही करता येईना. किसलेल्याचा ढीग माझ्यापुढे डोंगराएवढा झाला आणि मी खालची टोपली उचलायला वाकले. कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या क्षणी ते निळं पिस्तूल टेबलाच्या कडेवर आपटून उडालं आणि रुटाबागाच्या ढिगात, मूठ वर करून, उभं राहिलं.

बाकीच्या तेरा जणींनी माना वळवल्या. पाद्रीबुवा कणीक घेऊन येत होते, ते जिन्यातच थांबले.

"प्लास्टिकचं आहे," मी म्हटलं. असल्या वेळी माणसाचा आवाज नेमका का चिरकतो कोण जाणे.

शेजारी मिसेस इंपी निएमी उभ्या होत्या. वय त्र्याण्णव. नवरा खाणीत गेला, दोन मुलगे तळ्यात गेले, बाई अजून स्वतःची लाकडं स्वतः फोडते. त्यांनी ते पिस्तूल ढिगातून उपसलं, एप्रनला पुसलं, हातात धरून एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला.

"लोर्ना," त्या म्हणाल्या, "मूठ तुला मोठी आहे. करंगळी कुठे ठेवतेस?"

आणि मग काय विचारता! सगळ्या जणींनी हात पुसले आणि ते पिस्तूल टेबलाभर फिरलं. एकीचं मत पडलं आखूड हवं, एकीचं पडलं पर्समध्ये ठेव, एकीचा भाचा हॅल्स्टेड वापरतो आणि त्याचा घटस्फोट झाला. पाद्रीबुवांनी जिन्यातूनच विचारलं, "क्रेव्हन पाहिलंय का तुम्ही?" त्या दिवशी पेस्ट्या तीनशे चाळीसच झाल्या.

घरी आले ती तणतणत. साऱ्या गावाला माझ्या करंगळीबद्दल मत असावं! मी कोट न काढता दोन्ही पिस्तुलांचे डबे जेवणाच्या टेबलावर आणले आणि रूडीला म्हटलं, "पुरे झालं. आज ठरवायचं."

रूडी उठला. त्याने दोन्ही पिस्तुलं रिकामी असल्याची खात्री केली, मग मला करायला लावली, मग शिवणाच्या डब्यातून शर्टाचं एक बटण आणून हॅल्स्टेडच्या टोकावर आडवं ठेवलं. "आता भिंतीकडे धरून चाप ओढ. बटण पडता कामा नये. हात हलतो की नाही ते कळेल."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"सैन्यात. तू कधी विचारलं नाहीस." सदतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. या माणसाने दोन महिने तोंड उघडलं नव्हतं.

हॅल्स्टेडवर बटण दहापैकी नऊ वेळा टिकलं. क्रेव्हनवर पाच वेळा. रूडीने दोन बोटं हनुवटीला लावली. "मग हॅल्स्टेडच म्हणायचं."

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"कारण हॅल्स्टेड मी घरी ठेवून जाईन. बसता येत नाही, वाकता येत नाही. आठ दिवस नेईन, नवव्या दिवशी कपाटात ठेवीन. आणि नेमका तो नववा दिवस असला तर?"

"कसला नववा दिवस?"

मग मी त्याला सांगितलं. निवृत्तीनंतरही मी महिन्यातून दोनदा जंगलातल्या वस्त्यांवर पुस्तकं पोचवते, हे त्याला माहीत होतं. ऑक्टोबरात परत येताना एक करडा ट्रक माझ्या मागे लागला, हे माहीत नव्हतं. चौदा मैल. मी हळू झाले की तो हळू, मी जोरात की तो जोरात. एका वळणावर तो पुढे गेला आणि रस्त्यात आडवा थांबला. माणूस उतरला. माझ्या फोनला तिथे रेंज नसते. तेवढ्यात समोरून लाकडांचा मोठा ट्रक आला, तो माणूस हसला, हात हलवला आणि निघून गेला. घडलं काहीच नाही. मी घरी येऊन बटाटे उकडले.

 रूडी बटण बोटांत फिरवत राहिला.

"सांगितलं असतंस तर मी बरोबर आलो असतो," तो शेवटी म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं. तू आला असतास, आणि मग कायमचाच आला असतास. मला माझी माझी जायचंय, रूडी."

त्याने मान हलवली. मग क्रेव्हन माझ्यापुढे सरकवलं आणि त्याच्यावर बटण ठेवलं. "पाचावर आहेस," तो म्हणाला. "नवावर आण."

रोज सकाळच्या कॉफीआधी शंभर वेळा चाप ओढायचा असा मी नेम केला. मार्चअखेर आठ. एप्रिलच्या मध्यावर नऊ. त्याच आठवड्यात परवानाही आला. राजधानीने सात बोटं मान्य केली होती. उरलेल्या तिन्हींबद्दल दोन पानी पत्र जोडलं होतं, ते मला समजलं नाही आणि ट्रिशालाही नाही. मी ऑर्व्हिलकडे जाऊन क्रेव्हन विकत घेतलं. या खेपेला त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं नाही. गुलाबी मुठीचं मात्र विचारलं, अर्ध्या किमतीत.

आणि इथे माझ्या अभिमानाला खरी ठेच लागली. नॉर्मने चहाच्या टपरीवर, म्हणजे आमच्याकडे कॉफीच्या, सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लोर्नाने शेवटी माझंच ऐकलं." मी तिथेच मागच्या टेबलावर होते. उठून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मी कुणाचंही ऐकलं नाही, नॉर्म. तुझं तर मुळीच नाही. मी बसून पाहिलं, वाकून पाहिलं, दोन महिने चाप ओढून पाहिला. तुझी चार पानं मी चुलीत घातली."

"पण घेतलंस क्रेव्हनच ना?"

"घेतलं. तू ते चांगलं म्हणत असतानासुद्धा घेतलं."

डुएन खुशीत येऊन टेबलावर हात आपटत हसला. मी त्याच्याकडे वळले. "आणि तू हसू नको. मी स्पर्धेतही हेच वापरणार."

हसू थांबलं. आता दोघं एक झाले. जानेवारीपासून प्रथमच. स्पर्धेत क्रेव्हन? आखूड नळी, हट्टी चाप, दहाच गोळ्या! अगं, त्याच्यासाठी वेगळं घेतात. माणसं दोन ठेवतात. हसं होईल तुझं.

"होऊ दे," मी म्हटलं. "जे माझ्या कमरेला असणार, त्याचाच माझ्या हाताला सराव हवा. बाकी तुमच्या बक्षिसाचा कप तुम्ही घ्या. मला कप आहेत घरी."

खरं तर रूडीने फोडल्यापासून चारच होते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मेच्या पहिल्या शनिवारी स्पर्धा झाली. झाडांच्या सावलीत अजून बर्फाचे मळके ढीग, मैदानात घोट्याएवढा चिखल. एकवीस पुरुष, तीन बायका. तीन बाजूंना मातीचे बांध, समोर पुठ्ठ्याची लक्ष्यं. नळीचं तोंड कायम समोर ठेवायचं, लक्ष्यांसमोर आपण उभे असतो तिथल्या आडव्या रेषेच्या मागे ते कधीही वळता कामा नये. वळलं तर दिवस तिथेच संपला, मग तो कितीही मोठा नेमबाज असो. रेषेच्या मागे दोरी, दोरीच्या पलीकडे बघे. रूडी आपली घडीची खुर्ची घेऊन डाव्या टोकाला बसला होता, मांडीवर पेस्टी.

पहिली फेरी मी सावकाश केली, एकही चुकली नाही. दुसऱ्या फेरीत वेळही बरी आली. नॉर्मने पाटीवर आकडे लिहिले आणि पुन्हा वाचून पाहिले. मी नववी होते. चोविसात नववी, आखूड नळीने, हट्टी चापाने! डुएन सोळावा होता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि चिखलाकडे बघत म्हणाला, "सराव केलेला दिसतोय." डुएनच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं भाषण.

तिसऱ्या फेरीत उजव्या खिडकीतून पाच मारायच्या, धावत डाव्या खिडकीशी जायचं, वाटेत गोळ्यांची नवी पट्टी भरायची आणि उरलेल्या मारायच्या. नॉर्म वेळेचं यंत्र घेऊन माझ्या मागे. भोंगा वाजला. पाच गेल्या, पाचही बसल्या. मी डावीकडे धावले, जुनी पट्टी खाली टाकली, नवी भरायला पिस्तूल छातीशी आणलं. बूट चिखलात फसला, अंग डावीकडे फिरलं. मागे नॉर्मचा पाय घसरला आणि तो धप्पकन बसला. त्याच क्षणी पट्टी बसली का म्हणून मी खाली पाहिलं आणि नळीच्या टोकापलीकडे मला रूडी दिसला. पेस्टी तोंडाशी नेत होता. माझ्याकडे बघून हसला.

बोट चापावर नव्हतं. आत गोळी चढलेली होती की नाही, आता आठवत नाही. निमिष होतं ते. पिस्तूल पुन्हा समोर आलं आणि मी थांबले.

"चालू ठेव! चालू ठेव!" चिखलातून नॉर्म ओरडला. "मी पडलो त्याचं काही नाही, वेळ चाललाय!"

मी पिस्तूल समोर धरून रिकामं केलं, त्याला दाखवलं, म्यानात ठेवलं. मग हात वर केले.

"माझी नळी रेषेच्या मागे गेली."

"कुठे गेली? मी नाही पाहिलं!"

"तू चिखल पाहत होतास."

डुएन दोरीपाशी आला होता. "लोर्ना, वेडी आहेस का? कुणीच नाही पाहिलं. नववी आहेस तू!"

"मी पाहिलं," मी म्हटलं. माझा आवाज या वेळी चिरकला नाही. "पंच, लिही. बाद."

नॉर्म चिखलातून उठून पाटीपाशी गेला. मग त्याने माझे आकडे पुसले आणि माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली. हळूच मारली, आणि मारून झाल्यावर टोपी काढली. आमच्या गावात टोपी जेवतानाही काढत नाहीत.

अशा वेळी माणसं पिस्तूल गुंडाळतात आणि गाडीत जाऊन बसतात. मी गेले नाही. लाज वाटत होती, म्हणूनच गेले नाही. चिकटपट्ट्यांचं भेंडोळं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत इतरांनी पुठ्ठ्यांना पाडलेली भोकं बुजवत राहिले. डुएन आणि नॉर्म माझ्या दोन बाजूंना येऊन तेच करू लागले. हॅल्स्टेड असतं तर नळी लांब म्हणून आधीच ध्यानात आली असती, असं डुएन म्हणाला. लांब असती तर आणखी मागे गेली असती, असं नॉर्म म्हणाला. त्यावर अर्धा तास गेला.

"दोष पिस्तुलाचा नाही," मी म्हटलं. "माझा आहे. आणि तो मी सुधारणार आहे. तुमचं काय ते तुम्ही बघा."

गाडीत रूडीने हीटर लावला.  त्याला कुणी सांगितलं होतं की नाही मला कळेना, आणि आता आपण सांगायलाच हवं म्हणून मी तोंड उघडलं तेवढ्यात तोच म्हणाला, "नॉर्मने सांगितलं."

"रूडी..."

"मला वाटलं तू हात हलवतेयस."

मला रडूही येईना आणि हसूही येईना. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "जूनचं काय?"

"नाव देऊन आलेय. निघायच्या आधीच."

"हेच पिस्तूल?"

"हेच."

त्याने गाडी आमच्या रस्त्याला वळवली. "बरं," तो म्हणाला. "मग मी खुर्ची कुठे मांडू?"

"उजवीकडे," मी म्हटलं. "आणि खूप मागे."